विकत घेतलेला तंबोरा



वर्धा शहर कुठे संपतं आणि सिंदी मेघे कुठे सुरू होतं, हे बाहेरच्या माणसाला आता सांगावं लागतं, इतकी घरं एकमेकांना लागून गेली आहेत. त्यातल्याच एका घराच्या मागच्या खोलीत माझं रेकॉर्डिंगचं काम चालतं. भिंतींना जुन्या गाद्या, खिडकीला दुहेरी पडदा आणि मे महिन्यात गाणं सुरू करायच्या आधी कूलर बंद. भजनी मंडळं येतात, शाळेची समूहगीतं होतात, कधी लग्नाची गाणी, कधी एखाद्या नाटकाचं पार्श्वसंगीत. आज बोलायचं आहे ते मागच्या पोळ्याच्या सुमारास जे घडलं त्याबद्दल.

आठ वर्षांपूर्वी एका मंडळाची खंजिरी भजनं मी ध्वनिमुद्रित केली होती. त्या मंडळाचे वयस्कर गायक नातवाला घेऊन आले. त्या वेळी खंजिरी वाजवणारे त्यांचे जोडीदार आता हयात नाहीत. खंजिरी तशीच ठेवायची आणि आवाज मात्र नातवाचा घ्यायचा, असं त्यांच्या मनात होतं. काकांनी दारातूनच विचारलं, ‘पोरी, थे भजन हाय ना व तुह्यापाशी?’ मी म्हटलं, ‘आहे ना काका, जपून ठेवलंय.’

दोन महिन्यांपूर्वीच मी नवा संगणक घेतला होता. जुन्या डिस्कवरून प्रोजेक्ट उघडला. पडद्यावर ट्रॅक दिसले, खंजिरीच्या थापांच्या रेघा दिसल्या. बटण दाबलं तर काकांचा आवाज आला, खंजिरी आली, टाळ आले. पण तंबोरा नाही. हार्मोनियम नाही. आवाजाला मागून जो देवळाच्या सभामंडपासारखा घुमारा दिला होता, तोही नाही. सगळं कोरडं, उघडं. वर एक चौकट येऊन उभी राहिली: खालील प्लगइन सापडत नाहीत, आणि खाली अकरा नावं. माणसांनी वाजवलेलं सगळं जागेवर होतं. मी पैसे मोजून विकत घेतलेलं सगळं गप्प होतं.

प्लगइन म्हणजे काय, ते थोडक्यात सांगते. ज्या मोठ्या सॉफ्टवेअरमध्ये आम्ही ध्वनिमुद्रण करतो, त्याच्या आत बसणारं लहान सॉफ्टवेअर. कुणी वाद्य बनून वाजतं, कुणी घुमारा देतं, कुणी आवाज आटोक्यात ठेवतं. जर्मनीच्या स्टाइनबर्ग कंपनीने १९९६ मध्ये व्हीएसटी नावाची पद्धत आणली आणि इतरांनाही ती वापरू दिली. तेव्हापासून एकाच्या सॉफ्टवेअरमध्ये दुसऱ्याने बनवलेलं वाद्य बसू लागलं. ज्या कामासाठी लाखोंची यंत्रं लागत, ते मुंबईच्या स्टुडिओबाहेर, माझ्यासारखीच्या मागच्या खोलीत होऊ लागलं ते यामुळे. हे उपकार मी विसरत नाही.

या प्लगइनना कुलूप असतं. फुकट नक्कल होऊ नये म्हणून कुणी अनुक्रमांक मागतं, कुणी इंटरनेटवरून परवानगी घ्यायला लावतं, तर कुणी यूएसबीला लावायची बोटाएवढी डोंगल देतं. डोंगल आपल्याकडे नवी नाही. मराठी डीटीपी करणाऱ्या जुन्या मंडळींना आठवत असेल, सॉफ्टवेअरबरोबर मिळालेलं लॉक संगणकाच्या मागे प्रिंटरच्या पोर्टला लावावं लागे. ते लावल्याशिवाय लग्नपत्रिकेची एक ओळही जुळत नसे. पुढे संगणकावरून ते पोर्टच नाहीसं झालं आणि चांगलं चालणारं लॉक हातात धरून लोक बसले.

तीच गोष्ट आता प्रोसेसरची होते आहे. ॲपलने जून २०२० मध्ये जाहीर केलं की आपल्या संगणकांतून इंटेलचा प्रोसेसर काढून स्वतःचा बसवणार, आणि नोव्हेंबरमध्ये एम-१ बाजारात आला. विंडोजच्या बाजूलाही २०२४ पासून स्नॅपड्रॅगन प्रोसेसरचे लॅपटॉप जोरात आले. हे नवे प्रोसेसर आर्म घराण्यातले. इंटेलसाठी लिहिलेल्या आज्ञा त्यांना थेट कळत नाहीत. म्हणून मध्ये एक दुभाष्या ठेवलेला असतो. ॲपलच्या दुभाष्याचं नाव रोझेटा. तो काम चांगलं करतो, पण सगळा कार्यक्रम एकाच भाषेत हवा. मुख्य सॉफ्टवेअर नव्या भाषेत चालवलं तर जुन्या भाषेतलं प्लगइन त्याच्या आत थेट बसत नाही. मग संपूर्ण सॉफ्टवेअरच दुभाष्यामार्फत चालवायचं, म्हणजे नव्या यंत्राचा वेग गमवायचा. शिवाय हा दुभाष्या कायमचा नाही. पहिला रोझेटा २००६ मध्ये आला आणि २०११ मध्ये गेला. दुसऱ्याबद्दल ॲपलने २०२५ मध्ये सांगून टाकलं आहे की मॅकओएस २७ पर्यंतच तो पुरता मिळेल, पुढे काही जुन्या गेमपुरता.

इथवर कुणाची चूक आहे असं मी म्हणत नाही. प्रोसेसर बदलणारच. वाद्याचं गणित नव्या भाषेत आणणं कष्टाचं असतं, पण होतं. बहुतेक वेळा अडतं ते कुलुपाशी, आणि हे मला फार उशिरा कळलं.

कुलूप बनवणाऱ्याला चोरापासून लपायचं असतं. म्हणून तो यंत्राच्या अगदी तळाशी जाऊन बसतो. वाद्याच्या आज्ञा गुप्त लिपीत ठेवतो आणि चालू असतानाच संगणकाच्या मेमरीत उलगडून चालवतो. ॲपलचे नवे प्रोसेसर मात्र मेमरीच्या एकाच पानावर लिहिणं आणि तेच पान चालवणं, ही दोन्ही कामं खास परवानगीशिवाय एकदम करू देत नाहीत. सुरक्षेसाठी घातलेला हा नियम योग्यच आहे, पण जुनी कुलपं तिथे अडतात. डोंगलला ड्रायव्हर लागतो. विंडोजचा दुभाष्या साधी सॉफ्टवेअर चालवून देतो, पण जे ड्रायव्हर विंडोजच्या गाभ्यात बसतात त्यांची भाषा तो बदलून देत नाही. ते नव्यानेच लिहावे लागतात. आणि कित्येक प्लगइन बनवणारे कुलूप स्वतः करत नाहीत, दुसऱ्या कंपनीकडून घेतात. म्हणजे वाद्य तयार असलं तरी नव्या कुलपासाठी थांबायचं.

भाषा तीच असली तरी कुलूप कसं फसतं, त्याचं एक उदाहरण सांगते. ते गेमच्या दुनियेतलं आहे. नोव्हेंबर २०२१ मध्ये इंटेलने बाराव्या पिढीचे प्रोसेसर आणले. त्यांच्या पोटात दोन जातींचे कोअर, म्हणजे आज्ञा चालवणारे भाग, होते, काही दमदार, काही काटकसरी. वरच्या मॉडेलमध्ये आठ-आठ. डेनुव्हो नावाचं कुलूप लावलेल्या काही गेमची यात गडबड झाली. गेम दमदार कोअरवरून काटकसरी कोअरवर गेला की कुलपाला वाटायचं, हा तर दुसराच संगणक! पैसे भरलेल्या माणसाचा गेम बंद. इंटेलने ५१ गेमची यादी काढली. तात्पुरता उपाय काय, तर संगणकाच्या बायोस सेटिंगमध्ये एक सोय चालू करायची आणि कीबोर्डवरची स्क्रोल लॉक ही फारशी कुणी वापरत नसलेली कळ दाबून काटकसरी कोअर झोपवायचे. पुढे दुरुस्त्या आल्या. पण विचार करा, यंत्र तेच, मालक तोच, पावती खिशात, आणि घरातल्या कुलपाला घरधनी ओळखू येईना.

आता दुसरी बाजू. प्लगइन बनवणाऱ्या कंपन्या सगळ्या मोठ्या नसतात. कुठे दोन-तीन माणसं वर्षानुवर्षं राबून एक वाद्य तयार करतात. त्याची नक्कल आपल्याकडे सर्रास चालते. मीही शिकत होते तेव्हा क्रॅक केलेलंच वापरलं. पहिलं प्लगइन विकत घेतलं त्या दिवशी मला बरं वाटलं होतं, आणि आज मी शिकायला येणाऱ्या मुलांना क्रॅक वापरू देत नाही. म्हणून तर हे जास्त लागतं. ज्याने चोरलं त्याच्याकडे कुलूपच नाही. कुलपाचा सगळा त्रास पैसे मोजणाऱ्याच्या वाट्याला.

माझ्या अकरा नावांपैकी आठ नवी आवृत्ती उतरवून घेतल्यावर चालू झाली, त्यातली दोन फुकट, बाकीची थोडे पैसे भरून. उरलेल्यांपैकी तंबोरा आणि हार्मोनियम ज्या परदेशी कंपनीचे होते, तिच्याशी चार पत्रं झाली. शेवटचं उत्तर आलं की ते उत्पादन आता बंद आहे आणि तुमचं लायसन्स जुन्या संगणकाच्या नावावर आहे. माझी चूक एवढीच की मी संगणक बदलला.

कायदा याबद्दल काय म्हणतो ते मी एका वकील मैत्रिणीकडून समजून घेतलं. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात २०१२ मध्ये ६५-ए हे कलम आलं. हक्क मोडण्याच्या हेतूने असं कुलूप फोडलं तर दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. पण त्याच कलमात पुढे लिहिलं आहे की कायद्याने ज्याला मनाई नाही अशा कारणासाठी काही केलं तर त्याला ते लागू नाही. आणि ५२ व्या कलमात, ज्याच्याकडे सॉफ्टवेअरची रीतसर प्रत आहे त्याला, ज्या कामासाठी ती घेतली त्या कामासाठी प्रत किंवा रूपांतर करायला, हरवण्या-बिघडण्यापासून बचावाची प्रत ठेवायला मुभा आहे. कागदावर आपल्याला जागा आहे. पण कुलूप उघडायचं कसं, हे सिंदी मेघेच्या रेकॉर्डिस्टला कुठून कळणार? अमेरिकेत २००३ साली, आणि पुढे २००६ व २०१० मध्येही, सरकारने स्पष्ट सूट दिली होती. डोंगल बिघडलेली असेल आणि ती आता बनत नसेल किंवा दुरुस्त करून मिळत नसेल, तर ते कुलूप ओलांडता येईल. इतक्या साध्या शब्दांत आपल्याकडेही कुणी लिहायला हवं.

यंत्र किती वर्षं चालावं, हा प्रश्न तसा जुनाच. आमच्या वर्ध्यात मगनवाडीला मगन संग्रहालय आहे. गांधीजींनी १९३८ च्या डिसेंबरमध्ये त्याचं उद्घाटन केलं. शाळेची मुलं घेऊन मी तिथे पुष्कळदा गेले आहे. नाना तऱ्हेचे चरखे आहेत. ते पाहताना मला नेहमी १९२९ मधली एक जाहिरात आठवते. अखिल भारतीय चरखा संघाने चांगल्या चरख्यासाठी एक लाख रुपयांचं बक्षीस लावलं होतं. त्याच्या अटी वाचाव्यात अशा आहेत. खेड्यातल्या घरात हाताने किंवा पायाने चालावा, बाईला आठ तास फारसे श्रम न होता चालवता यावा, किंमत दीडशे रुपयांच्या वर नको. आणि पुढे: वेळच्या वेळी देखभाल केली तर निदान वीस वर्षं चालला पाहिजे, आणि सुटे भाग बदलण्याचा वर्षाचा खर्च किमतीच्या पाच टक्क्यांवर जाता कामा नये. बक्षीस कुणालाच मिळालं नाही, इतक्या त्या अटी कडक होत्या. पण यंत्र मागताना त्याचं विसावं वर्ष कसं जाईल, हे आधी विचारलं होतं. ते वापरणारी बाई डोळ्यांसमोर होती.

मिरजेच्या तंबोऱ्याचंही तसंच. २०२४ मध्ये मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. तंबोऱ्याच्या घोडीची जवारी उतरली की कारागिराकडे न्यायचा, तो कानस फिरवतो, जवारी पुन्हा बोलू लागते. वाद्य बनवणारा हयात नसला तरी दुसऱ्या कारागिराला त्याची परवानगी लागत नाही. आजोबांचा तंबोरा नात घेऊन बसते.

प्लगइन बनवणाऱ्यांकडे माझं मागणं याच वजनाचं आहे. कुलूप लावा. पण उत्पादन बंद करताना शेवटची एक बिनकुलपाची आवृत्ती जुन्या गिऱ्हाइकांना देऊन जा. नाहीतर किल्ली एखाद्या तटस्थ संस्थेकडे ठेवा. विकताना पाटीवर लिहा की हे कोणत्या प्रोसेसरवर चालेल आणि कधीपर्यंत सांभाळाल. हे अशक्य नाही. डोंगलसाठी ओळखल्या जाणाऱ्या स्टाइनबर्गनेच मार्च २०२२ मध्ये क्यूबेस या आपल्या ध्वनिमुद्रणाच्या सॉफ्टवेअरची बारावी आवृत्ती डोंगलशिवाय आणली. नोव्हेंबर २०१७ मध्ये गिब्सन कंपनीने केकवॉक हे तसंच सॉफ्टवेअर बंद करत असल्याचं सांगितलं, तेव्हा ते वापरणारे हवालदिल झाले. तीन महिन्यांनी सिंगापूरच्या बँडलॅबने ते विकत घेतलं आणि पुढे फुकट दिलं. इच्छा असली की वाट निघते.

काकांच्या भजनाचं काय झालं, ते सांगते. जुना संगणक मी विकला नव्हता. माळ्यावरून काढला, धूळ झटकली, इंटरनेटची वायर मुद्दाम लावली नाही. आपोआप काही बदल झाला असता तर हा संगणकही हातचा गेला असता. पंखा खरखरत सुरू झाला आणि दहा मिनिटांनी तंबोरा वाजला. मग एकेक ट्रॅक सुटा करून साध्या वेव्ह फाइलमध्ये उतरवला. तंबोरा एक, हार्मोनियम एक, खंजिरी घुमाऱ्यासह एक, घुमाऱ्याशिवाय एक. वेव्ह फाइलला कुणाची परवानगी लागत नाही. नातू शेजारी बसून पाहत होता. नव्या संगणकावर त्या फाइली मांडल्या, कूलर बंद केला आणि तो गायला उभा राहिला. आजोबांची पट्टी काळी चार, त्याला काळी दोनच झेपत होती. खंजिरीला त्याने फरक पडत नाही, पण तंबोरा आणि हार्मोनियम आता वेव्ह फाइल झालेले. पट्टी बदलायला पुन्हा जुन्या संगणकाकडे जावं लागलं, पुन्हा उतरवावं लागलं. त्या दिवशी रात्रीचे अकरा वाजले.

तेव्हापासून रोज रात्री जेवणं झाली की मी जुन्या संगणकावर दोन प्रोजेक्ट उघडते. प्रत्येकाचे ट्रॅक सुटे करते, तंबोरा तीन-तीन पट्ट्यांत उतरवते. सोबत एका कागदावर मंडळाचं नाव, तारीख, पट्टी, लय आणि कोणी काय वाजवलं ते लिहून डिस्कच्या डब्यात ठेवते. सव्वाशेच्या वर प्रोजेक्ट अजून बाकी आहेत, आणि जुन्या संगणकाचा पंखा आता जास्तच आवाज करू लागला आहे.