हाताशी ठेवलेली नक्कल



आपल्या घनसावंगीकडे जुन्या घरांत पेटीच्या तळाशी एखादे १९५४-५५ सालचे खासरा पत्रक निघते. जुना पुरावा म्हणून त्याला मोल आहे. पण पुढे वाटण्या झाल्या, खरेदीखते झाली. आजचा मालक कोण, हे तो कागद कसे सांगणार? नक्कल खरी असूनही शिळी होते.

१ मे २०१८ पासून डिजिटल सहीचा सातबारा मिळू लागला. जिथे लाखो माणसे एकाच वेळी नोंदी मागतात, ते काम एकट्या संगणकाच्याने होत नाही. अनेक संगणक जोडीने राबतात. मूळ वही मात्र एकच. दर वेळी तिच्याकडे धावायचे तर खोळंबा होतो, म्हणून प्रत्येक जण नेहमीच्या नोंदी आपल्याजवळ उतरून ठेवतो. ह्या साठ्याला कॅश म्हणतात. रोकडीची कॅश ती निराळी बरं का!

आता समजा, तुम्ही पीककर्ज फेडलंत. बोजा कमी करण्याचा फेरफार मंजूर झाला, मूळ वही सुधारली. पण दुसऱ्या संगणकाच्या नकलेत बोजा तसाच. मृग तोंडावर आलेला, आणि नवे कर्ज देणारा पडद्यावर जुनाच बोजा पाहतो. कुणी लबाडी केली नाही, तरी पेरणी अडते.

उपाय दवंडीचा. नोंद बदलली, की सर्व संगणकांना कळवायचे, अमुक गटाची नक्कल टाकून द्या. मात्र आधी मूळ वही सुधारायची, मग दवंडी. उलटे केले, तर मधल्या वेळात कुणीतरी जुनीच नोंद पुन्हा उतरून घेतो आणि खुशाल वाटत बसतो. दवंडी एखाद्याच्या कानी पडलीच नाही तर? म्हणून प्रत्येक नकलेला मुदत घालतात; मुदत सरली की ती आपोआप रद्द. आणि वहीत लिहिताना प्रत्येक नोंदीचा अनुक्रमांक तपासतात. तुमच्या हाती सातवी नोंद, वहीत आठवी, तर लिखाण परत. पुन्हा वाचून या.

ही अनुक्रमांकाची युक्ती आपल्याला नवी नाही. सातबाऱ्यावर शेवटच्या फेरफाराचा क्रमांक आणि तारीख असते. व्यवहाराला बसताना आधी तिथे बोट ठेवा, आणि प्रलंबित फेरफार आहे का, तेही वाचा. वाचता येत नसेल, तर गावच्या गुरुजींकडून वाचून घ्या.