जागा नाही, असे सांगणारे यंत्र

बंगळूरच्या ईशान्येस, जुन्या मद्रास रस्त्यावर, होसकोटे नावाचे गाव आहे. मराठ्यांच्या इतिहासात या गावाचे नाव 1768 सालच्या ऑगस्ट महिन्यातील एका रात्रीमुळे राहिले. गुत्तीचे मुरारराव घोरपडे त्या वेळी इंग्रजांच्या बाजूने हैदर अलीविरुद्ध उभे होते आणि त्यांची छावणी येथे पडली होती. हैदराच्या घोडदळाने तिच्यावर रात्री छापा घातला. अशा वेळी स्वारांनी घोड्यांवर मांड टाकावयाची, हा शिरस्ता. त्याला अवसर नाही हे ओळखून मुराररावांनी हुकूम दिला की, कोणीही घोड्यावर बसू नये. प्रत्येकाने आपल्या घोड्याच्या तोंडाशी उभे राहावे. विल्क्स या इंग्रज इतिहासकाराने हा प्रसंग नोंदविला आहे. अंधारात जो घोड्यावर दिसेल तो शत्रू, ही खूण त्या हुकुमाने आपोआप सिद्ध झाली आणि छापा फसला.

नेहमीचा उपाय चालेनासा झाला म्हणजे दुसरा योजावा लागतो. पण तो योजला आहे, हे आपल्या माणसांना कळलेले असावे लागते. मुराररावांच्या छावणीत ते शिपायाशिपायाला कळले होते.

आज होसकोट्याच्या शेजारच्या व्हाइटफील्डमध्ये संगणक-कंपन्यांची मोठमोठी कार्यालये आहेत आणि तेथे कितीतरी मराठी तरुण कामास आहेत. त्यांच्यापुढे हाच प्रश्न निराळ्या वेषात येतो. ‘आभासी यंत्र’ म्हणजे संगणकाच्या पोटातला संगणक. एकाच खऱ्या संगणकावर अशी अनेक यंत्रे नांदतात. खरा संगणक हा यजमान, आभासी यंत्र हा पाहुणा. कल्पना जुनीच आहे, आय. बी. एम. कंपनीने व्हीएम/370 ही प्रणाली 1972 साली जाहीर केली होती.

पाहुण्याला यजमानाच्या मेमरीतून जागा मिळते ती पानापानाने. नित्याचे पान 4096 बाइटांचे. मोठे पान त्याच्या 512 पट, म्हणजे 2 मेगाबाइटांचे. चार गिगाबाइटांच्या पाहुण्याला लहान पाने 10,48,576 लागतात, मोठी अवघी 2048. हा फरक केवळ मोजणीचा नव्हे. पाहुणा जो पत्ता सांगतो, तो त्याच्या स्वतःच्या कोष्टकांत आणि शिवाय यजमानाच्या कोष्टकांत शोधावा लागतो. चार-चार पायऱ्यांच्या या दुहेरी शोधात एका पत्त्यासाठी मेमरीकडे 24 खेपा घालण्याची वेळ येऊ शकते. प्रोसेसर अलीकडे सापडलेले थोडे पत्ते जवळ टिपून ठेवतो खरा. पण पाने मोठी असली म्हणजेच तेवढ्या टिपणात मोठा मुलूख मावतो. मात्र मोठे पान सलग जागेत बसले पाहिजे. पंगतीत पन्नास पाट रिकामे असावेत आणि पाच माणसांना शेजारी शेजारी बसावयास जागा मिळू नये, तशी पुष्कळ दिवस चालू राहिलेल्या संगणकाची अवस्था होते. म्हणून जाणता व्यवस्थापक मोठी पाने आधीच राखून ठेवतो.

फाब्रीस बेलार या फ्रेंच प्रोग्रामरने 2003 साली सुरू केलेला क्यूएमू हा प्रोग्राम अशी आभासी यंत्रे चालवितो. पाहुण्याची जागा अमुक राखीव साठ्यातून घ्यावी, असे त्याला सांगता येते. तो साठा अपुरा पडला तर क्यूएमू पूर्वी काय करीत असे? इशाऱ्याची एक ओळ छापून साधारण मेमरीतून जागा घेई आणि यंत्र सुरू करी. वरवर पाहता हे सौजन्यच. पण रात्री ही यंत्रे दुसरा एखादा प्रोग्रामच सुरू करतो. ती ओळ वाचणार कोण? यंत्र चालू दिसे, गती मात्र मंद. आणि दोष शोधणारा भलतीकडेच शोधत राही. याहून वाईट प्रकार असा की, काही व्यवस्थांत नेटवर्कचे काम करणारा शेजारी प्रोग्राम पाहुण्याच्या मेमरीत थेट वाचतो व लिहितो. त्यासाठी ती मेमरी दोघांच्या सामायिक साठ्यात असावी लागते. ती गुपचूप खासगी जागेत गेली, तर पाहुणा जिवंत असतो, पण त्याचा बाहेरच्या जगाशी संबंध तुटलेला असतो.

सरकारी कचेरीत वावरलेल्या माणसाला हा प्रकार ओळखीचा वाटेल. एका लेखाशीर्षाखाली मंजूर झालेली रक्कम संपली म्हणून दुसऱ्या शीर्षातून परस्पर खर्च केला, तर काम होते, पूलही बांधून होतो. पण लेखापरीक्षक आक्षेप घेतो आणि तो योग्यच असतो. पुनर्विनियोजनाला मनाई नाही; त्याला मंजुरी लागते, एवढेच.

क्यूएमूच्या कर्त्यांनी अखेर हाच निर्णय केला. 2019 सालच्या 4.1 या आवृत्तीत ही जुनी सोय बंद होणार असल्याचे जाहीर झाले आणि एप्रिल 2020 मधील 5.0 या आवृत्तीत ती काढून टाकण्यात आली. तेव्हापासून सांगितलेल्या साठ्यात जागा नसेल, तर पाहुणा सुरूच होत नाही. काहींना हा आडमुठेपणा वाटला तर नवल नाही. मध्यरात्री बंद पडलेले यंत्र कोणाला आवडते? पण मंद चालणाऱ्या यंत्रासाठी चार दिवस घालविण्यापेक्षा न सुरू झालेल्या यंत्रासमोर दहा मिनिटे बसणे परवडते.

येथे एक अपवाद मानला पाहिजे. लिनक्सच्या गाभ्यात 2011 पासून एक सोय आहे: मेमरी मागितली की शक्य तेथे तो आपणहून मोठे पान देतो, नसेल तर मुकाट्याने लहान देतो, आणि पुढे फुरसतीने लहान पाने गोळा करून मोठे करतो. तेथे तक्रारीस जागा नाही, कारण मोठे पान कोणी हुकूम करून मागितलेलेच नसते. शिवाय किती वेळा लहान पानांवर भागवावे लागले, याचा आकडा तो मांडून ठेवतो आणि हवे त्याला तो वाचता येतो.

ज्याला क्यूएमूतही दुसरी वाट हवी आहे, त्याने ती स्वतः लिहावी. प्रथम राखीव साठ्यातून यंत्र सुरू करण्याचा हुकूम, तो फसल्यास नोंदवहीत तारीखवेळेसह एक ओळ, आणि मग साधारण मेमरीचा दुसरा हुकूम. तीन-चार ओळींचे काम आहे. साठा राखण्याचे काम तर संगणक सुरू होतानाच उरकलेले बरे. तेव्हा पंगत अजून बसलेली नसते.