विश्वासाचे मोल कोण देतो?

तरुणपणी मनुष्य भलत्यावर विश्वास टाकतो आणि फसतो, तेव्हा लोक बहुधा फसलेल्याचीच कीव करितात. परंतु त्याच्या भोळेपणाची झळ दुसऱ्या कोणास लागली, इकडे लक्ष क्वचितच जाते. १९२५ पासून ‘नवजीवना’त क्रमशः आलेल्या गांधीजींच्या आत्मकथेतील एका मित्राचे प्रकरण या दृष्टीने वाचण्याजोगे आहे.

हा मित्र मुळात त्यांच्या वडील बंधूंचा. गांधीजींनी त्याचे नाव दिलेले नाही. धावण्यात व उड्या मारण्यात तो पटाईत. साप, चोर, भुते यांपैकी कशाचेच त्याला भय नसे. अंधारात निजण्यास भिणाऱ्या मोहनदासास अशा मुलाची भुरळ पडावी यात नवल ते काय? आई, वडील बंधू आणि कस्तुरबा या तिघांनीही त्यांस सावध केले होते. पण आपण याला सुधारू, ही त्यांची समजूत! सुधारणा राहिली बाजूला. चोरून मांसाहार मात्र सुरू झाला. आणि त्याहून वाईट हे, की मित्राच्या सांगण्यावरून त्यांनी निर्दोष पत्नीवर संशय घेतला व तिला फार दुखविले.

एवढ्याने डोळे उघडावयास हवे होते. १८९३ मध्ये गांधीजी दक्षिण आफ्रिकेत गेले आणि पुढे डर्बन येथे त्यांनी बिऱ्हाड थाटले, तेव्हा एक सोबती त्यांच्या घरी राही. तो हाच, असे चरित्रकार सांगतात. घरात राहणाऱ्या एका कारकुनाचा त्याला मत्सर वाटू लागला. त्याने असे काही जाळे विणले, की गांधीजींस कारकुनाचाच संशय आला. कारकून मानी होता. त्याने घर आणि कचेरी दोन्ही सोडली.

अखेर सत्य कळविले ते एका बदली स्वयंपाक्याने, आणि तोही पुढे अट्टल लबाडच निघाला! एके दिवशी दुपारी बाराच्या सुमारास तो धापा टाकीत कचेरीत आला आणि तत्काळ घरी चलावे म्हणून हट्ट धरून बसला. घरी येऊन माडीवरील खोलीचे दार उघडविताच सोबत्यापाशी एक वेश्या दिसली. सोबत्याने आधी धमकी दिली. पोलिसांस बोलावणे जाते असे पाहून क्षमा मागितली आणि तो निघून गेला.

कारकुनाची समजूत घालण्याचा गांधीजींनी पुष्कळ यत्न केला. मनातील तेढ मात्र पुरती गेली नाही. स्वयंपाकीही राहिला नाही. इतक्या सहज भुलणाऱ्या धन्याच्या घरी आपला निभाव लागावयाचा नाही, असे सांगून तो चालता झाला.