पहिला प्रोग्राम आणि नवशिका विद्यार्थी



नवशिका विद्यार्थी पायथन भाषेतील पहिला प्रोग्राम लिहितो, 'नमस्कार.पीवाय' या नावाने जपून ठेवतो, कमांड लाइनवर 'पायथन नमस्कार.पीवाय' अशी आज्ञा देतो. आणि फाइल सापडत नसल्याचा इंग्रजी संदेश पाहून खचतो. वस्तुतः दोष प्रोग्रामचा नसतो; संगणक तो बहुधा दुसऱ्याच फोल्डरमध्ये शोधत असतो.

अशा वेळी शिक्षकाने कळफलक आपल्या हाती घेऊ नये. संदेश विद्यार्थ्याकडूनच वाचवून घ्यावा व त्याचा अर्थ समजावून द्यावा. मग विद्यार्थ्याने 'सीडी' या आज्ञेने योग्य फोल्डरमध्ये जावे आणि विंडोजमध्ये 'डीआयआर' या आज्ञेने तेथील यादी पाहावी. नोटपॅडने नावाच्या शेवटी 'टीएक्सटी' जोडले असल्यास तेही तेथे उघड होते. चूक स्वतःच्या हाताने दुरुस्त झाली म्हणजे विद्यार्थ्यास संगणकाचे भय उरत नाही.