नाथसागरावरील होडीसाठी लिथियम बॅटरी



पैठणनजीक गोदावरीवर ज्या धरणाची पायाभरणी १९६५ साली झाली आणि १९७६ साली ज्याचे उद्घाटन झाले, त्याच्या पाठीमागे पसरलेला नाथसागर छत्रपती संभाजीनगरास आणि जालन्यास पिण्याचे पाणी पुरवितो, मराठवाड्याच्या शेतांना पाटाचे पाणी देतो, आणि १९८६ पासून पक्ष्यांचे अभयारण्य म्हणूनही त्याची सरकारदरबारी नोंद आहे, हे आपण जाणताच. परंतु याच जलाशयाच्या काठी अशीही गावे आहेत की, त्यांना हे पाणी ओलांडल्यावाचून दिवसाचा व्यवहार सुरू करता येत नाही. गंगापूर तालुक्यातील भिव धानोरा येथील मुले थर्माकोलच्या तुकड्यांवर बसून शाळेस जातात ही वार्ता २०२२ साली प्रसिद्ध झाली, तेव्हा मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने तिची आपण होऊन दखल घेतली. अशा ठिकाणी पूल व्हावा ही मागणी रास्तच आहे. मात्र पूल होईतो, आणि जेथे तो होणे नाही तेथे कायमचीच, एका भक्कम व भरवशाच्या होडीची तजवीज असली पाहिजे. अशी होडी विजेवर चालवावयाची तर तिची बॅटरी कशी निवडावी आणि कशी भरावी, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

विजेचाच आग्रह का, याचे उत्तर या पाण्यातच आहे. जे पाणी लक्षावधी माणसे पितात त्यावर डिझेलचा तवंग येऊ नये, आणि हिवाळ्यात हिमालय ओलांडून येणाऱ्या पट्टकदंबांना व उथळ पाण्यात चरणाऱ्या रोहितपक्ष्यांना इंजिनाच्या धडधडाटाने उठून जावे लागू नये, ही अपेक्षा शहरात राहणाऱ्यांनी करावयाची आणि वल्ही मारण्याचे कष्ट मात्र काठावरच्यांनी सोसावयाचे, हा न्याय नव्हे. विजेची मोटर दोन्ही बाजूंचे हित साधते. अट एवढीच की, तिला वीज देणारी बॅटरी जाणतेपणाने निवडलेली असावी.

बॅटरी किती मोठी असावी, हे होडीच्या वेगावर ठरते. पाणी कापीत जाणाऱ्या लहान होडीचा वेग दुप्पट करावयाचा झाल्यास शक्ती सुमारे आठपट खर्च करावी लागते. म्हणून सावकाश जाण्याची तयारी असेल तर थोड्या विजेत पुष्कळ काम होते. आठ माणसांची होडी ताशी ५ किलोमीटरच्या वेगाने नेण्यास १ किलोवॅट शक्ती लागते असे धरले, आणि पैलतीर १ किलोमीटरवर आहे असे मानले, तर जाऊन येण्यास २४ मिनिटे व ०.४ युनिट वीज लागेल, आणि दिवसाच्या चार फेऱ्यांस १.६ युनिट. परंतु समोरून वारा सुटतो, पंख्यात जलपर्णी गुंतते, एखाद्या रुग्णास अवेळी पलीकडे न्यावे लागते. यास्तव हिशेबाच्या दुपटीहून थोडी अधिक क्षमता हाताशी ठेवणे हेच शहाणपणाचे. २५.६ व्होल्ट आणि १५० अँपिअर-तास या मापाच्या बॅटरीत ३.८४ युनिट वीज मावते आणि तिचे वजन ४० किलोच्या आसपास भरते. शिशाच्या बॅटरीचे आयुष्य राखावयाचे तर तिच्यातून निम्मीच वीज काढता येते, त्यामुळे तेवढ्याच कामास शिशाचे वजन दीडशे किलोच्या पुढे जाईल आणि दोन-तीन प्रवाशांची जागा शिसेच अडवून बसेल.

परंतु लिथियमच्या सर्व बॅटऱ्या एकाच स्वभावाच्या नसतात, आणि खरी निवड येथेच करावयाची असते. १९९१ साली जपानच्या सोनी कंपनीने जी लिथियम-आयन बॅटरी प्रथम बाजारात आणली, तीत कोबाल्टचे ऑक्साइड होते. निकेल व कोबाल्टच्या या जातीत थोड्या वजनात पुष्कळ वीज साठते, म्हणून मोबाइल फोनांत आणि अनेक विजेच्या गाड्यांत ती आढळते. पण ती प्रमाणाबाहेर तापली की, तिच्यातील ऑक्साइड विघटित होऊन प्राणवायू मोकळा होतो आणि आगीस आतूनच खाद्य मिळते. १९९७ साली अमेरिकेतील टेक्सास विद्यापीठात जॉन गुडइनफ आणि त्यांचे सहकारी अक्षय पाढी यांनी लोह व फॉस्फेट यांच्या संयुगावरील शोधनिबंध प्रसिद्ध केला. या संयुगात फॉस्फरसने प्राणवायूस इतक्या घट्टपणे धरून ठेवलेले असते की, उष्णतेनेही तो सहजासहजी सुटत नाही. पुढे २०१९ साली लिथियम-आयन बॅटरीच्या कार्यासाठी गुडइनफ यांना स्टॅन्ली व्हिटिंगहॅम आणि अकिरा योशिनो यांच्यासमवेत नोबेल पारितोषिक मिळाले. लोह-फॉस्फेटाच्या बॅटरीला, जिला दुकानदार एलएफपी म्हणतात, अग्निभय मुळीच नाही असे नव्हे. पण ते पुष्कळच कमी आहे, आणि ती दोन हजारांहून अधिक वेळा भरता-रिकामी करता येते. रस्त्यावर गाडीने पेट घेतला तर माणूस उतरून दूर पळू शकतो. भर पाण्यात मुलांनी भरलेल्या होडीस ती सोय नाही. म्हणून होडीसाठी एलएफपीच घ्यावी, आणि जुन्या स्कूटरांतील सेल सोडवून बांधलेला स्वस्त पॅक कोणी देऊ केला तर तो निःसंकोच नाकारावा.

येथे कोची शहराचा दाखला उपयोगी पडेल. २०२३ च्या एप्रिलमध्ये तेथे सुरू झालेल्या वॉटर मेट्रोच्या बोटींत लिथियम टायटानेटच्या बॅटऱ्या आहेत, कारण त्या बोटींना धक्क्यावर प्रवासी चढेउतरेपर्यंतच्या अल्पावधीत वीज भरून घ्यावी लागते, आणि ती घाई सोसण्याचे सामर्थ्य या महागड्या जातीत आहे. आपल्याकडील दिनक्रम निराळा आहे. शाळेची होडी सकाळी मुलांना पोचवून सायंकाळपर्यंत उभी असते. सायंकाळी जाळी टाकून पहाटे ती उचलणाऱ्या मच्छीमाराची होडीही दिवसा काठाशीच असते. म्हणजे सूर्य आकाशात असतो त्याच वेळी होडीस विश्रांती असते, आणि सावकाश भरण्यास याहून सोयीची वेळ कोणती? होडीच्या छपरावर ५०० वॅटचे सौर पॅनल बसविले तर मराठवाड्यातील स्वच्छ उन्हात दिवसाकाठी १.६ युनिटहून थोडी अधिकच वीज पदरात पडते. पावसाळ्यातील झाकोळलेल्या दिवसांसाठी काठावर महावितरणच्या विजेवरील चार्जर ठेवावा.

हा चार्जर मात्र एलएफपीचाच असला पाहिजे. शिशाच्या बॅटरीचे काही चार्जर तिच्या पत्र्यांवरील साका काढण्यासाठी मध्येच चढे व्होल्टेज देतात, आणि ते लिथियमच्या सेलास घातक ठरते. एलएफपीच्या प्रत्येक सेलाची कमाल मर्यादा ३.६५ व्होल्टची, म्हणजे आठ सेलांच्या आपल्या बॅटरीची २९.२ व्होल्टची असते; पण २८.४ व्होल्टवर थांबले तरी ती जवळजवळ पूर्ण भरते. ३० अँपिअरचा चार्जर सुमारे पाच तासांत हे काम करतो, आणि त्याहून अधिक घाईची येथे गरज नाही. बॅटरीच्या आत बीएमएस नावाची रक्षक-यंत्रणा असते, ती सेल मर्यादेबाहेर जाताच प्रवाह तोडते; पण ती अखेरची राखण आहे, रोजचा बंदोबस्त चार्जरनेच केला पाहिजे. किती वीज उरली हे केवळ व्होल्टेजवरून कळत नाही, कारण या जातीचे व्होल्टेज बराच काळ जवळपास स्थिर राहून अखेरीस एकदम ढासळते. यासाठी आलेल्या-गेलेल्या विजेचा जमाखर्च ठेवणारा मीटर बसवावा.

थंड प्रदेशात शून्य अंशाखाली ही बॅटरी भरू नये असा नियम आहे. आपल्याकडे ते भय नाही. आपला शत्रू उन्हाळा आहे. ४५ अंशांवर तापलेली बॅटरी भरू नये, आणि वैशाखाच्या उन्हात बंद पत्र्याच्या पेटीत पारा त्याहून सहज वर जातो. म्हणून पेटी सावलीत, हवेशीर आणि तरीही पाण्याच्या शिंतोड्यांपासून सुरक्षित असावी. होडी चालवून आल्यावर बॅटरी निवू द्यावी आणि मगच भरावी. आणि सुटीत होडी महिनाभर उभी राहणार असेल तर बॅटरी निम्मी भरून ठेवावी, कारण पूर्ण भरलेली बॅटरी उष्णतेत लवकर झिजते. बॅटरीच्या धन टोकालगत योग्य क्षमतेचा फ्यूज बसविण्यात कोणतीही हयगय क्षम्य नाही, कारण तारा एकमेकींस भिडल्या तर लिथियमची बॅटरी क्षणार्धात शेकडो अँपिअरचा प्रवाह सोडते.

शेवटी, खरेदीविषयी ग्रामपंचायतींना आणि मच्छीमारांच्या सहकारी संस्थांना एक विनंती आहे. विजेच्या स्कूटरांना आगी लागण्याच्या घटनांनंतर केंद्र सरकारने २०२२ साली वाहनांच्या बॅटऱ्यांचे एआयएस-१५६ हे मानक अधिक कडक केले. होडीस ते लागू नसले तरी बॅटरीची तशा प्रकारची चाचणी झाल्याचा दाखला विक्रेत्याकडे मागण्यास कोणाची हरकत असू नये. त्याच वर्षाच्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी वापरून संपलेली बॅटरी परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकावर टाकली आहे. जे पाणी आपण पितो त्याच्या काठी निकामी बॅटऱ्या साचू द्यावयाच्या नसतील, तर सेलांची जात, चाचणीचा दाखला, हमीची मुदत आणि जुनी बॅटरी परत घेण्याची अट या चारही गोष्टी करारात लिहून घ्याव्यात, आणि मगच रक्कम चुकती करावी.