डब्यातलं नवंकोरं घड्याळ

(पेण येथील वसंत व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



पत्रिकेवर विषय छापलाय, ‘जुनी घड्याळे: वापरावी की जपावी?’ दोन्ही बाजू मांडाव्यात अशी संयोजकांची इच्छा आहे. मांडतो. पण माझं मत आधीच सांगून टाकतो. घड्याळ घालावं, आणि घालण्याआधी घड्याळजीकडे न्यावं. घड्याळजी वगळून हा वाद घालण्यात काही अर्थ नाही.

एचएमटीचा इतिहास तुम्हाला नव्याने काय सांगायचा? १९६१ साली जपानच्या सिटिझनच्या सहकार्याने बंगळूरला कारखाना निघाला. ‘जनता’, ‘पायलट’, ‘सोना’, ‘कांचन’ ही नावं घराघरांत गेली. पुढे क्वार्ट्झ आलं, आणि जानेवारी २०१६ मध्ये घड्याळांची कंपनी बंद करायला केंद्र सरकारने मंजुरी दिली. हे सगळं तुम्ही पाहिलंय. आता सांगा, कुणाकुणाच्या कपाटात ‘जनता’ आहे? (बरेच हात वर होतात.) आणि आज मनगटावर कुणाच्या आहे? (हशा) हसू नका, हाच आपला विषय आहे.

जपणाऱ्यांची बाजू लेचीपेची नाही. समुद्रावर रेखांश काढता यावा म्हणून जॉन हॅरिसनने अठराव्या शतकात घड्याळं बनवली. ती ग्रीनिचला ठेवली आहेत. पहिली तीन मोठी यंत्रं आजही चालवतात. चौथं, १७५९ साली पुरं झालेलं, खिशातल्या घड्याळासारखं दिसणारं, मात्र मुद्दाम बंद ठेवलंय. पहिल्या तिघांना तेल लागत नाही, चौथ्याला लागतं. तेल आलं की ठरावीक काळाने खोलून साफ करणं आलं आणि झीज आली. जगात एकच असलेली वस्तू झिजवायची नाही, हा निर्णय मला पूर्ण मान्य आहे.

पण आपली ‘जनता’ एकुलती एक नाही, लाखांनी निघालेली आहे. हे पेणकरांना मी समजवायला नको. हमरापूर-जोह्याच्या गणपतींच्या कारखान्यात साचा जिवापाड जपतात. त्यातून निघालेली मूर्ती मात्र घराघरांत जाते, पुजली जाते. ती मखरात बसायलाच घडवलेली असते. कारखान्यातल्या फळीवर ती जन्मभर राहिली, तर कारागिराला बरं वाटेल का? (टाळ्या)

पुढच्या रांगेतून एक गृहस्थ म्हणताहेत, “आमचं घड्याळ तीस वर्षं डब्यात आहे, एक ओरखडा नाही.” काका, तुम्ही प्रेमाने जपलंत, त्याबद्दल मला आदरच आहे. पण ओरखडा बाहेर नाही, आतलं काय? ‘जनता’त १७ ज्वेल्स असतात, म्हणजे कृत्रिम माणकाचे खडे. त्यांतल्या कित्येकांच्या भोकांत चाकांच्या आसांची टोकं फिरतात आणि तिथे तेलाचा अगदी कण असतो. घड्याळ चालो वा न चालो, ते तेल वर्षागणिक घट्ट होतं. वर आपली हवा! धरमतरची खाडी जवळ, चार महिने पाऊस. प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंडलेली दमट हवा काट्यांना गंज आणते, डायलवर ठिपके पाडते. डब्यातलं घड्याळ नवं राहत नाही. ते म्हातारं होतं, आणि आपल्याला कळत नाही एवढंच.

रोह्याला माझ्या मामांकडे असंच झालं. लग्नात मिळालेली ‘जनता’ त्यांनी मुलाच्या लग्नात द्यायची म्हणून कपाटात ठेवली. डांबराच्या गोळ्या, मऊ फडकं, सगळा सरंजाम. द्यायच्या दिवशी डबा उघडला तर पट्ट्याला बुरशी, पण किल्ली दिली आणि घड्याळ चालू झालं! मांडवात टाळ्या पडल्या. मामेभावाने ते रोज घातलं. आधी मागे पडायला लागलं, मग एका सकाळी थांबलं. मामी म्हणाल्या, “ठेवलं होतं तेच बरं होतं.” भाऊ घड्याळ घेऊन बाजारातल्या घड्याळजीकडे गेला, मी सोबत होतो.

त्यांनी डोळ्याला भिंग लावलं, मागचं झाकण काढलं आणि एवढंच म्हणाले, “तेलाचा डिंक झालाय. कोरडंच पळवलंत.” मग एकेक चाक काढून पेट्रोलच्या वाटीत टाकलं. काडीला चाकूने टोक काढून माणकाच्या प्रत्येक भोकात ती फिरवली. दर वेळी टोक काळं होऊन बाहेर यायचं, ते पुन्हा तासायचे, पुन्हा फिरवायचे. टोक पांढरं येईपर्यंत त्यांनी दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे मान वळवली नाही. बॅलन्स व्हीलच्या आसाचं टोक झिजलं होतं. दुसरा आस मोडीतल्या एका ‘जनता’तून काढला. सगळं जोडून किल्लीचे दोन आटे दिले आणि चाक हललं. तासाला १८,००० ठोके, दिवसाला ४ लाख ३२ हजार. एवढं काम करणाऱ्या यंत्राला आपण तेलसुद्धा विचारत नाही, आणि या माणसाला सेल बदलायचे पैसे देतानाही घासाघीस करतो! मुलगा हे काम शिकतोय का, असं मी विचारलं. ते म्हणाले, “शिकून आणणार कुणाची घड्याळं?” काका, कपाटातल्या घड्याळांचा हिशेब इथे लागतो. ती बाहेर आली तर त्यांचा धंदा चालेल. धंदा चालला तर विद्या राहील. विद्या गेली, की तुमचं बिनओरखड्याचं घड्याळ दुरुस्त कोण करणार?

(चिठ्ठी येते.) दहा मिनिटं म्हणतात. मुंबईत रंगवलेल्या डायलवर मला पुष्कळ बोलायचं होतं. जुन्या सेको-एचएमटीवर भडक नवा रंग चढवून विकतात, जगभरचे संग्राहक ती लांबून ओळखतात. तुमच्या वडिलांच्या घड्याळाची डायल पिवळी पडली असेल तर पिवळीच राहू द्या. रंगवू नका, हात जोडून सांगतो.

आता भराभर. तेलपाणी केल्याशिवाय जुनं घड्याळ रोज घालू नका. पावसाळ्यात आणि विसर्जनाला घालू नका. मोबाइलच्या चुंबकवाल्या कव्हरशेजारी ठेवू नका, आतल्या बारीक हेअरस्प्रिंगचे वेढे चिकटून ते पुढे पळतं. रात्री चमकणारी फार जुनी विलायती डायल असेल, तर तिच्यात रेडियम असू शकतं. चमक गेली तरी किरणोत्सार जात नाही. ते घड्याळ घरी उघडू नका.

मागून एक तरुण विचारतोय, “घातलं तर किंमत उतरेल ना?” उतरेल. कोरं घड्याळ जास्त पैसे आणतं, मी खोटं बोलणार नाही. पण २०१७ च्या ऑक्टोबरात न्यू यॉर्कला पॉल न्यूमन या नटाचं रोलेक्स १ कोटी ७७ लाख डॉलरना गेलं. ते त्याने वर्षानुवर्षं वापरलेलं होतं. गाडी जपून चालव, असं बायकोने मागे कोरून घेतलं होतं. तुझं तेवढ्याला जाणार नाही. (हशा) पण आजोबांचं घड्याळ तू विकायला काढलंयस का? नाही ना? मग डबा, बिल आणि वॉरंटी कार्ड कपाटात जप, ते मनगटावर घालायचं नसतं. घड्याळ उद्या सकाळी दुरुस्तीला दे, आणि घड्याळजी सांगतील ती मजुरी घासाघीस न करता दे.