बंदुकीची नळी आणि शेतकऱ्याचा डोळा
(जिल्हा बैठकीत झालेल्या भाषणाचा मजकूर)



कापसाच्या भावावर बोलणारे आज पुष्कळ आहेत. मी बंदुकीवर बोलणार आहे. हसू नका. सेलू, कारंजा, आर्वी, आष्टी या भागात ज्याचं वावर जंगलाला लागून आहे, तो हसणार नाही. ज्वारी हुरड्यावर आली की रानडुकरांचा कळप एका रात्रीत ती आडवी करतो. पऱ्हाटीत रोही शिरले की बोंडं खातात आणि खाण्यापेक्षा तुडवतात जास्त. कितीतरी जणांनी याच कारणाने ज्वारी सोडली. ज्वारीबरोबर घरची भाकर गेली आणि बैलांचा कडबाही गेला.

माझ्या वडिलांकडे पीकरक्षणासाठी परवान्याची .३१५ ची रायफल होती. एक गोळी झाडली की बोल्ट मागे ओढायचा, पुढे ढकलायचा, मग दुसरी गोळी. वर्षानुवर्षं पावसाळ्यातल्या जागलीने नळी आतून गंजली. नेम लागेना. इंजिनं दुरुस्त करणारा एक ओळखीचा माणूस म्हणाला, "पाटील, माझ्याकडे .३०३ ची जुनी नळी पडली आहे. दोन्ही रायफली एकाच घडणीच्या. संध्याकाळपर्यंत बसवून देतो." ज्वारी हुरड्यावर होती. वडिलांनी रात्रभर विचार केला आणि सकाळी नाही म्हणाले. का म्हणाले, ते आज सांगायचं आहे.

पहिली गोष्ट यंत्राची. बैलगाडीचं चाक बदललं आणि थोडं डुगलं, तर गाडी चालते. रायफलीत तसं नाही. काडतूस नळीच्या मागच्या घरात बसतं आणि बोल्ट त्याला पाठीमागून टेकू देतो. बोल्टचं तोंड आणि काडतुसाची बैठक यांच्यातलं अंतर मिलिमीटरच्या भागात मोजतात. नळी बदलली की हे अंतर बदलतं. कमी झालं तर बोल्ट लागत नाही. जास्त झालं तर तो लागतो, आणि धोका तिथेच आहे. बार होताना आतला दाब मोटारीच्या चाकातल्या हवेच्या सुमारे हजारपट असतो. मागे पोकळी राहिली की पितळेचं काडतूस ताणतं, फाटतं, आणि तापलेला वायू मागे येतो. मागे आपला गाल आणि डोळा असतो. म्हणून कारखान्यात खास मापाच्या गेजने हे अंतर तपासतात, नेहमीपेक्षा जास्त दाबाच्या काडतुसाने चाचणी घेतात आणि मगच नळीवर शिक्का मारतात. इंजिन दुरुस्त करणाऱ्याकडे ते गेजही नसतं आणि तो शिक्काही नसतो.

दुसरी गोष्ट कायद्याची. १८५७ नंतर इंग्रजांना आपल्या हातातल्या शस्त्राची धास्ती बसली आणि १८७८ साली लिटनच्या काळात त्यांनी शस्त्रांचा कायदा केला. पुढे आपल्या सेवाग्रामला राहिलेल्या गांधीजींनी १९१८ मध्ये खेडा जिल्ह्यातल्या सैन्यभरतीच्या पत्रकात या कायद्याला काळं कृत्य म्हटलं होतं. फौजेची .३०३ ची काडतुसं लोकांच्या बंदुकीत चालू नयेत, म्हणून ते माप सामान्य माणसाला बंद झालं. म्हणून आपल्याला .३१५ मिळते. ती बंगालमधल्या ईशापूरच्या कारखान्यात त्याच जुन्या फौजी घडणीवर बनते. इंग्रज गेले, पण .३०३ ला मनाई राहिली.

म्हणजे ती नळी बसवली असती, तर वडिलांची परवान्याची रायफल त्या संध्याकाळीच मनाई असलेलं शस्त्र झाली असती. परवान्यावर माप एक आणि हातात दुसरं! १९५९ च्या शस्त्र कायद्यात 'शस्त्र' म्हटलं की त्याचे भागही त्यात येतात. सुटी नळी घरात ठेवली तरी ती शस्त्रच. कलम ५ प्रमाणे परवान्याशिवाय शस्त्र दुरुस्त करता येत नाही, त्यात बदलही करता येत नाही. कलम ६ प्रमाणे नळी कापून आखूड करता येत नाही. कोरलेला नंबर घासला तर तोही गुन्हा. २०१९ च्या दुरुस्तीने कलम ५ आणि ६ मोडल्याची किमान शिक्षा सात वर्षं झाली, आणि ती जन्मठेपेपर्यंत जाते. डुक्कर मोकळं फिरेल आणि शेतकरी आत बसेल.

वडिलांनी रायफल परवाना असलेल्या दुकानदाराकडे दिली आणि पावती घेतली. परत यायला हंगाम गेला. त्या वर्षी आमची ज्वारी गेली. मी खोटं सांगणार नाही, आईने ते वर्षभर ऐकवलं. पण वडिलांचा डोळा राहिला आणि घरावर गुन्हा लागला नाही.

आता तुमच्यासाठी चार गोष्टी. बंदूक बिघडली तर परवानाधारक दुकानातच द्या, पावती जपा, आणि परत घेताना नळीवरचा नंबर परवान्याशी ताडून पाहा. परवानाधारक वारला तर बंदूक वारसाने वापरायची नाही. विनाविलंब ठाण्यात किंवा परवानाधारक दुकानदाराकडे जमा करायची आणि आपल्या नावाने अर्ज करायचा. बंदुकीचा परवाना म्हणजे शिकारीचा परवाना नव्हे; १९७२ च्या वन्यजीव कायद्याच्या कलम ११ प्रमाणे वनखात्याची लेखी परवानगी वेगळी लागते. आणि बंदूक नाही म्हणून कुंपणात वीज सोडू नका. २०१७ साली ब्रह्मपुरीहून बोरला आणून सोडलेली वाघीण आपल्याच जिल्ह्यात अशा तारेवर मेली. त्याच तारेवर रात्री पाणी द्यायला गेलेला शेजारीही मरू शकतो.

पण सगळं शहाणपण शेतकऱ्यानेच दाखवायचं का? निवडणूक आली की बंदुका ठाण्यात जमा. २०२४ ची विधानसभा नेमकी नोव्हेंबरात, कापूस वेचणीत. डुकरांना आचारसंहिता लागू नाही. माणूस घरी नळी बदलायला निघतो तो हौसेने नव्हे, सरळ वाट लांब आणि पीक उभं असतं म्हणून. तेव्हा मागणी साधी आहे: पीकरक्षणाच्या बंदुकांची दुरुस्ती आणि परवान्याचं नूतनीकरण पेरणीआधी, जिल्ह्याच्या ठिकाणी, ठरलेल्या मुदतीत झालं पाहिजे, आणि वनखात्याची परवानगी पीक उभं असताना हातात पडली पाहिजे. कायदा आम्ही पाळतो. तो पाळणाऱ्याचं पीक जाऊ नये, एवढं सरकारने पाहावं.